निम्म्या मापाचे नाना

नाना कोणतीही गोष्ट आहे त्याच्या निम्मी सांगत. एका पावसाळ्यात तापीला पूर आला तेव्हा नाना नखशिखांत ओले होऊन मारुतीच्या पाराशी आले, डोक्याची टोपी काढून पिळली, झटकून परत घातली आणि म्हणाले, "पाणी जरा वाढेल शे." पारावर बसलेली माणसं एकही प्रश्न न विचारता उठली, घरी धावली, गुरांची दावी सोडली, धान्याची पोती माळ्यावर चढवली. दुपारपर्यंत पाणी पाराच्या पायरीला लागलं. परगावचा एक पाहुणा तेवढा नानांच्या शब्दावर विसंबून बसून राहिला. त्याला नंतर खांद्यावर घालून आणावं लागलं.

दुसऱ्या एका वेळी ते केळीच्या बागेतून नेहमीच्या चालीनं परत आले, चूळ भरली आणि म्हणाले, "केळीमा मांजर शे. जरासं मोठं शे." पोरासोरांनी काठ्या उचलल्या, पण जाणत्या माणसांनी त्यांना बखोटीला धरून घरात ओढलं आणि दारं लावून घेतली. पुढं जंगल खात्याची माणसं आली आणि पिंजऱ्यात बिबट्या धरून घेऊन गेली. पिंजरा गावातून जाताना नाना ओट्यावर बसून बघत होते. "मी सांगं व्हतं," एवढंच ते बोलले. सांगितलं होतं हे खरंच होतं, त्यामुळे कोणाला भांडताही येईना.

म्हणून गावाचा एक रिवाज पडून गेला होता : नानांचं दुप्पट धरायचं. नवी सून गावात आली की तिला पाणवठा दाखवत, मारुती दाखवत आणि हे सांगत. मी शिरपूरकडच्या त्या गावी भूगोलाचा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मला मात्र कोणी हे सांगितलं नव्हतं. नानांच्या घराला लागून त्यांचीच एक खोली होती, ती मी भाड्यानं घेतली. "खोली कशी आहे?" मी विचारलं. "बरी शे. धाबं जरा गयस." धाबं जरा गळतं, एवढंच ना, असं म्हणून मी सामान लावलं. पहिल्या मोठ्या पावसात मी खोलीत छत्री उघडून वह्या तपासत बसलो, तेव्हा समोरच्या दुकानाचे मारवाडी शेठजी दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या तीन पिढ्या गावात गेल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं आणि फार दयेनं म्हणाले, "मास्तर, नानांचं दुप्पट धरायचं असतं. कोणी सांगितलं नाही का?"

या निम्म्या मापाला कारण होते नानांचे वडील. गाव त्यांना उडी आबा म्हणे, कारण आपल्या बैलानं एकदा भरली तापी उडी मारून ओलांडली असं ते सांगत. बैल पुढं एकदा परतही उडी मारून आला होता, कारण वैरण अलीकडच्या काठावर होती. थापा तशा निरुपद्रवी होत्या, पण घराला त्या भोवल्या. आबांनी खरं काही सांगितलं तरी माणसं हसत. नानांचा धाकटा भाऊ तापानं फणफणला, तेव्हा आबा वैद्याच्या दारात जाऊन रडले. वैद्यालाही तो आबांचा नेहमीचा खेळ वाटला आणि तो जेवण आटोपून सावकाश आला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नाना हे कधी बोलत नसत, मला शेठजींनी सांगितलं. नाना फक्त एवढंच म्हणत, "बापनी दुप्पट सांगं, मी निम्मं सांगस. हिशोब बराबर." आपल्या शब्दावर माणूस जागचा उठतो, धावतो, या एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. तोही ते जरासाच दाखवत.

या माणसाशी संसार केला अक्कांनी. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी, पण सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणे. गोऱ्या, ठेंगण्या-ठुसक्या, तोंडाच्या फटकळ आणि जगातली प्रत्येक गोष्ट ऐकायची हौस असलेल्या. नाना त्यांना बघायला गेले होते, तेव्हा परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, पोरगी कशी आहे? नाना म्हणाले, "चाली." चालेल! हा शब्द कोणीतरी अक्कांच्या माहेरी पोचवला आणि अक्कांनी तो जन्मभर जपून ठेवला. भाजीत मीठ जास्त झालं, "चाली." पोरीचं लग्न चांगल्या घरी जमलं, "चाली." नाना कधी सदऱ्याला नीळ कमी पडली म्हणून कुरकुरले, तरी आतून आवाज येई, "माले म्हने चाली! मंग सदरा बी चाली!"

मी तिथं गेलो त्याच्या आधीच अक्का धाब्यावर मिरच्या वाळत घालताना घसरून पडल्या होत्या आणि त्यांची कंबर गेली होती. तेव्हापासून त्यांची बाज दारातच असे, अर्धी घरात, अर्धी ओट्यावर. तिथं पडल्या पडल्या त्यांनी एक कायदा केला होता. गावाबाहेर गेलेल्या प्रत्येक माणसानं परत आल्यावर आधी त्यांच्या बाजेशी बसायचं आणि पाहिलेलं सगळं सांगायचं. "मना डोया लई जा," असं त्या जाणाऱ्याला बजावत. माझे डोळे घेऊन जा. आणि परत आलेल्याला त्या फुकट सोडत नसत. शेठजींच्या घरची मंडळी अबूला जाऊन आली तेव्हा तिथल्या खांबांवरच्या नक्षीपासून धर्मशाळेतल्या डाळीच्या फोडणीपर्यंत त्यांनी सगळं वदवून घेतलं. वास कसा होता, हा त्यांचा हमखास प्रश्न. मी धुळ्याहून परीक्षेचे पेपर घेऊन आलो तरी मला धुळ्याचा वास विचारला जाई.

आणि अशा बाईच्या वाट्याला सांगणारा कोण, तर नाना. नाना एकदा कापसाच्या कामानं मुंबईला गेले होते. अक्कांनी त्यांच्यासाठी मुद्दाम भरीत करवलं, पुढ्यात ताट ठेववलं आणि विचारलं, "कशी शे मुंबई?" नानांनी घास गिळला, विचार केला आणि म्हणाले, "घरं शेतस." घरं आहेत! त्यावर अक्कांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते दुसऱ्या दिवशी दूध उतू जायला लागलं तेव्हाच ओरडण्यासाठी वळवलं.

आमच्या शाळेत पेठे सर नावाचे एक गणिताचे मास्तर होते, मूळचे दापोलीच्या खाली समुद्रकाठच्या गावचे. ते पहिल्यांदा अक्कांच्या बाजेशी बसले त्या दिवशी गल्लीतल्या चुली उशिरा पेटल्या. लाट कशी फुटते, होडी कशी हाकारतात, गादे मासे, म्हणजे डॉल्फिन, पाण्याबाहेर उड्या कशा घेतात, सगळं त्यांनी सांगितलं. आणि मग देवमासा. त्यांच्या वडिलांनी आयुष्यात दोनदा पाहिलेला आणि त्यांनी स्वतः एकदा. अक्का उताण्या पडून ऐकत होत्या. "इतला मोठा जीव," त्या म्हणाल्या, "देवले कसाले लागना व्हई?" पेठे सर गणिताचे असल्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही. मी भूगोलाचा, तरी मलाही आलं नाही. मी तोवर समुद्र पाहिलेलाच नव्हता. न पाहताच वर्षानुवर्षं शिकवत होतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर अक्कांना धाप लागायला लागली. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासून नानांना बाजूला घेतलं आणि काही सांगितलं. घरी आल्यावर अक्कांनी विचारलं, "काय म्हने डॉक्टर?" नाना म्हणाले, "हृदय जरा थकेल शे." अक्का तीस-पस्तीस वर्षं या माणसाचं दुप्पट करत आल्या होत्या. त्यांनी हेही केलं. मग म्हणाल्या, "ठीक शे. मंग एक काम करा. पेठे सरांसंगे समुद्रवर जा. मना डोया लई जा. तो देवमासा देखा आनि माले पूरं सांगा. पूरं! निम्मं सांगशात ते मी बोलाव नही."

नाना संध्याकाळी माझ्या खोलीत आले, खाटेच्या कडेवर बसले. "मास्तर," ते म्हणाले, "तुमले नाताळनी सुट्टी कव्हय लागस?" शेतात कापसाची वेचणी चालू होती आणि वेचणीच्या दिवसात नाना शेतावरून हलले असं गावाला आठवत नव्हतं. ते हलणार हे कळल्यावर गावानं अक्कांच्या तब्येतीचा अंदाज बांधला. तो कोणाला मोठ्यानं बोलून दाखवावा लागला नाही.

निघायच्या दिवशी नाना एस.टी.च्या थांब्यावर आले, ते खांद्यावर मोटेचा नाडा घेऊन. विहिरीवर इंजिन बसल्यापासून ही बैलांनी मोट ओढायची जाड दोरी माळ्यावर पडून होती. तिचं वेटोळं एका हातानं उचलत नव्हतं. दुसऱ्या हातात कळण्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचं फडकं. पेठे सर चकित झाले. "नाना, होडीवर दोर असतात हो." नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." कंडक्टर मात्र सोडेना.

"काय आहे हे?"

"दोर शे."

"ते दिसतंय. कशाला?"

"मापाले."

"कशाचं माप?"

"मासाना."

कंडक्टरनं नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मास्तर आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं पुढं काही न विचारता नाडा टपावर टाकायला सांगितला.

तर नानांचा बेत असा होता. तोंडाचा त्यांना भरवसा नव्हता. तोंडाला निम्म्याची सवय लागलेली, आयत्या वेळी ते दगा देणार. पण मापलेली दोरी निम्मी होत नाही. देवमासा जेवढा असेल तेवढ्यावर गाठ मारायची आणि ती अक्कांपुढं पसरायची. हे त्यांनी मला एस.टी.त नीट समजावून सांगितलं. देवमासा माप घेईस्तोवर थांबेल का, असं मी विचारलं. "बैल थांबस," नाना म्हणाले.

पेठ्यांच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या आईंनी उकडीचे मोदक केले होते. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ले आणि आईंनी कसे झालेत विचारल्यावर म्हणाले, "बरा शेतस." त्या माउलीचा चेहरा उतरला. मला आत जाऊन, "आई, त्यांचं दुप्पट धरायचं असतं," हे समजवावं लागलं. बाहेर येऊन बघतो तर नाना चौथा मोदक घेत होते. नंतर आम्ही त्यांना वाळूवर नेलं. समोर पार आभाळाला टेकेपर्यंत समुद्र. माझ्या तोंडून "अबब!" निघालं, इतकी वर्षं शिकवूनसुद्धा. नाना किती तरी वेळ उभे राहिले. "कसा आहे?" पेठे सरांनी विचारलं. नाना म्हणाले, "पाणी शे." मग एकदम दचकल्यासारखे त्यांनी माझा दंड धरला. "मास्तर, आसंच सांगाई जास. देखं ना? आते काय करू?" त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती पाहिली. पुरात नव्हती, बिबट्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी निघाली. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, पेठ्यांच्या ओळखीचा. काळा, अंगानं शिडशिडीत आणि बोलण्यात फार कंजूष. नाना होडीत चढताना गाडीत बसण्याआधी बैलांच्या पाया पडावं तसं होडीच्या कडेला हात लावून पाया पडले, आणि नाड्याचं वेटोळं पुढ्यात घेऊन बसले. तांडेलानं विचारलं, "हा कशाला?" पेठे सरांनी सांगितलं. तांडेलानं नानांकडे नीट पाहिलं आणि न हसता म्हणाला, "बरं." त्याच क्षणी त्याचं आणि नानांचं जमलं.

किनारा बारीक होत गेला तसे नाना पिवळे पडत गेले. "काय होतंय?" "जरा मयमयस." मी दुप्पट धरून बाजूला सरकलो, ते बरं झालं. कळण्याच्या भाकऱ्या समुद्राला अर्पण झाल्या. तोंड धुऊन नाना परत नाडा धरून बसले, आणि तेवढ्यात गादे आले. आधी एक, मग चार-पाच, मग मोजायचं सोडून दिलं इतके. होडीच्या दोन्ही अंगांनी पाण्यातून वर येत, वाकत, आत जात. एकानं सबंध अंग बाहेर काढून उडी मारली आणि आमच्या अंगावर पाणी उडवलं. पेठे सर पोरासारखे टाळ्या पिटत होते. नाना मात्र ओठ हलवत, पाठांतराला बसलेल्या विद्यार्थ्यासारखे बघत होते. मी कान दिला. "रंग राखसारखा... पोट गुलाबी... डोया धाकला... तोंड हासऱ्या मानूसनं... अंगवर केस नही..." मग थांबून मला म्हणाले, "वाससारी कसं करू? वास येत नही." हे सगळं अक्कांसाठी चाललं होतं. मी म्हटलं, खारट म्हणा. त्यांनी ते दोनदा घोकलं.

दुपार कलायला लागली तरी देवमाशाचा पत्ता नव्हता. तांडेल म्हणाला, वर्ष वर्ष दिसत नाही, आज गादे तरी दिसले. पेठे सर परत फिरू म्हणाले. नाना नाड्याचं टोक मनगटाला गुंडाळत आणि सोडवत राहिले. तांडेलानं ते पाहिलं. "अजून थोडं जाऊ," तो म्हणाला. कोणी सांगितलं नव्हतं तरी त्यानं होडी आणखी बाहेर घेतली.

आधी आवाज आला. इंजिनाची वाफ सोडल्यासारखा, पण लांब. मग पाण्यावर धुकं उभं राहिलं आणि त्याचा घाण, सडक्या मासळीचा वास आमच्यापर्यंत आला. आणि मग आमच्या होडीच्या बाजूला, शेजारून जाणाऱ्या गाडीसारखी, एक पाठ वर यायला लागली. तापीत डुंबणाऱ्या म्हशीची दिसते तशी काळी, ओली. पण म्हशीची संपते. ही संपेना. ती येतच राहिली, येतच राहिली, होडीचं मागचं टोक ओलांडलं, पुढचं ओलांडलं, आणि तरी होतीच. तांडेलानं हात जोडले. मला लाज वाटायचं कारण नाही, मी रडत होतो. नाना उठून उभे राहिले. "बसा खाली, नाना! होडी कलंडेल!" तांडेल ओरडला. नानांना ऐकू गेलं नाही. हातात नाडा तसाच धरून ते उभे होते, मापायचं पार विसरून गेले होते. ती पाठ हळूहळू बुडाली, पाणी गोल फिरलं, सपाट झालं. तेव्हा नाना खाली बसले आणि फार हळू म्हणाले, "मास्तर, हाई निम्मं कसं सांगावं?"

किनाऱ्याला लागल्यावर त्यांना मापाची आठवण झाली. तांडेल म्हणाला, दोन होड्या तरी होता. नाना म्हणाले, नाही. दोन म्हणजे थाप झाली. होडी आणि वर अर्धी होडी. त्यावर दोघांची वाळूत उभं राहून चांगलीच हुज्जत झाली. शेवटी तांडेलानं मान्य केलं, आणि दोघांनी मिळून होडीच्या टोकापासून टोकापर्यंत नाडा ताणला, मग अर्धी होडी आणखी घेतली, आणि नानांनी दात-ओठ खात गाठ मारली. परतीच्या वाटेवर ते ती गाठ मांडीवर घेऊन बसले होते.

गावात आलो तेव्हा अक्कांची बाज ओट्यावर पुरती बाहेर काढलेली होती. पाच-सहा दिवसांत त्या आणखी बारीक झाल्या होत्या. गल्ली जमली. शेठजी दुकान उघडं टाकून आले. नानांनी पाय धुतले, पाणी प्याले, बाजेच्या काठावर बसले आणि बोलायला लागले. मी त्यांचा तो आवाज आधी ऐकला नव्हता, नंतरही ऐकला नाही. पाण्याचा रंग, तांडेलाचे हात, मोदक कसे "भलता चांगला" होते, ओकारी, गाद्यांच्या उड्या, खारट वास, सडका वास, तो आवाज, ती पाठ. काही म्हणता काही सुटलं नाही. मग त्यांनी नाडा सोडला. एक टोक अक्कांच्या हातात दिलं आणि गाठ हातात धरून ते चालायला लागले. ओटा उतरले, गल्ली ओलांडली, शेठजींच्या दुकानाच्या पायऱ्या चढले, दुकानात शिरले आणि आतून, साखरेच्या पोत्यांमागून, ओरडून म्हणाले, "अठलग!" इथपर्यंत!

माणसं आपल्या सवयीनं हिशोब करायला लागली. नाना म्हणतात इथपर्यंत, म्हणजे दुप्पट धरा. शेठजी रस्त्याच्या टोकाकडे बघत म्हणाले, "म्हणजे चावडीपर्यंत! बापरे!" गावात आजही तो देवमासा चावडीपर्यंतचाच आहे, मी कितीही समजावलं तरी.

आणि अक्का? अक्का हातातल्या दोरीकडे बघत होत्या. त्यांनी ती डोळ्यांनी ओट्यापासून दुकानापर्यंत मापली, पोत्यांमागून बाहेर येणाऱ्या, अंगाला साखर लागलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. आधी हुंदका वाटला म्हणून मी धावलो. पण त्या हसत होत्या. धाप लागली तरी थांबेनात. "अरे देवा!" त्या म्हणाल्या. "हाऊ डोकरा ते उडी आबाना पोऱ्या निंघना!"

"अक्का, खरं आहे," मी म्हणालो. "मी डोळ्यांनी पाहिलंय. एवढाच होता."

"तुले बी शिकाडी ठेयेल शे त्यासनी," अक्का म्हणाल्या. डोळे पुसत त्यांनी नानांना जवळ बोलावलं. "जनमभर खरं बोलनात. माले म्हने चाली. आनि आते मनाकरता इतली मोठी थाप मारनात!"

नाना उभे राहिले. बापामुळे भाऊ गेला त्या दिवसापासून ज्या माणसानं शब्दाला डाग लागू दिला नव्हता, त्याच्या तोंडाशी ते आलं होतं. मला दिसत होतं. थाप नाही, गाठ बघ, तांडेलाला विचार, पेठे सरांना विचार. त्यांनी तोंड उघडलंही. मग अक्कांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतकं कोणीतरी आपल्यासाठी खोटं बोलावं, याचा असा आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. नानांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"हां," ते म्हणाले. "जरा जास्तीनं सांगाई गयं."

माझ्या माहितीत नाना आयुष्यात खोटं बोलले ते एवढंच एक वाक्य.

होळीच्या आधी अक्का गेल्या. त्या दिवसापासून शेवटपर्यंत नाड्याचं गाठीचं टोक त्यांच्या बाजेच्या पायाला बांधलेलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ती गाठ दाखवून सांगत, "मना डोकरानी मनाकरता मारेल थाप शे ही." नाना शेजारी बसून मान हलवत. तेराव्याला जमलेले पाहुणे अक्कांबद्दल खूप बोलले. नाना एक शब्द बोलले नाहीत.

पुढं माझी बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. बाज आत गेली होती, नाडा खुंटीला टांगलेला होता, गाठ तशीच. न राहवून मी विचारलं, "नाना, त्या दिवशी तुम्ही खरं का नाही सांगितलं? मी होतो साक्षीला."

नानांनी गल्लीपलीकडच्या दुकानाकडे पाहिलं. "ती हासनी ना, मास्तर," ते म्हणाले.

मी पाया पडलो. उठता उठता विचारून गेलो, "याद येते का अक्कांची?"

"याद येस," नाना म्हणाले. "जराशी."

गावाच्या रिवाजाप्रमाणे मी दुप्पट धरलं. मारुतीच्या पारापर्यंत पोचेस्तोवर आणखी एकदा दुप्पट धरलं.